स्वयंपाकघरातली सहा पावलं

माझं पाऊल मोडलं आणि त्या मोडक्या पावलावर मी तीन आठवडे हिंडले. शाळेत गेले, पाचवी ते सातवीच्या मुलींना उभ्याने शिवणकाम शिकवलं, बाजार केला, दसऱ्यात गल्लीतल्या नऊ घरांत मांडलेल्या बाहुल्या बघून हळदीकुंकू घेऊन आले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणतात. माझं जळत होतं आणि मलाच कळत नव्हतं.

साखरेच्या दुखण्यात ज्यांच्या तळव्यांची जाणीव गेली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. मला सांगायची आहे ती माझी एक चूक. तिच्याबद्दल डॉक्टरांनी नाव घेऊन बजावलं नव्हतं, कारण कोणी शहाणं माणूस अशी चूक करील हे त्यांच्या मनातही आलं नसेल. आमच्यासारख्या घरांतून मात्र ती रोज होत असणार, अशी माझी खात्री आहे.

चपलांच्या दुकानात

निदान आधी चपलांच्या दुकानदाराने केलं. उजवी चप्पल एकाएकी घट्ट व्हायला लागली म्हणून मी एक नंबर मोठी घ्यायला गेले होते. दुकानदार म्हातारा होता. त्याने माझं पाऊल मापाच्या पट्टीवर ठेवलं, मग डावं ठेवलं, मग पुन्हा उजव्यावर हात ठेवून तसाच बसला.

"अक्का, हे गरम आहे," तो कानडीत म्हणाला. "दुखत नाही?"

"नाही हो."

त्याने उघडलेला खोका बंद केला. "मोदलु डाक्टर हत्र होगि. चप्पलि आमेले." आधी डॉक्टर, चप्पल नंतर. मला रागच आला. चप्पल विकायची सोडून हा वैद्यकी कसली करतो? तरी बाहेर पडल्यावर पाय हॉस्पिटलच्याच रस्त्याला वळले. त्या माणसाला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते.

डॉक्टर तरुण होते. फोटो उजेडावर धरून त्यांनी मला पावलाच्या मधली हाडं दाखवली. पोह्यांचा चिवडा दिसावा तशी दिसत होती.

"यावर चालत आलात?"

"बसने आले. स्टँडपासून चालत."

"नोवु इल्वा? जरासुद्धा दुखत नाही?"

"नाही."

"हेच वाईट," ते म्हणाले. दुखलं असतं तर मी पहिल्याच दिवशी बसले असते, हाडं जागच्या जागी राहिली असती. आता प्लास्टर घालायचं आणि पाय जमिनीला अजिबात लावायचा नाही. चार महिने, कदाचित पाच.

"नाही ऐकलं तर?"

"तर पाऊल वाचेल असं मी सांगू शकत नाही."

बावन्न वर्षांची बाई त्या बाकावर बसून लहान पोरीसारखी रडली. शेजारच्या बाईने आपल्या पदराने माझं नाक पुसलं. ती कोण, कुठली, मला माहीत नाही.

खाटेवरून

आमचं घर इथे कानडी मुलखात, चामराजपुरममध्ये. पुढे पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि तिथेच कोपऱ्यात देव. सगळीकडे लाल गुळगुळीत जमीन. घरात आम्ही तिघं: मी, माझे यजमान आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना आम्ही अत्ते म्हणतो. त्या तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या, डोळ्यांनी अधू आणि मडीला कडक. मडी म्हणजे तुमच्याकडचं सोवळं. हे मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये साचे बनवायच्या कामावर होते, दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले.

माझी खाट माजघरात टाकली. खाटेवरून खिडकी दिसायची, खिडकीतून शेजारच्यांची भिंत. भिंतीवर एक खिळा होता. त्या खिळ्याची सावली डावीकडून उजवीकडे गेली की दिवस संपायचा. स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर होतं, पण फोडणी करपल्याचा वास आला तरी उठून गॅस बंद करता येत नव्हता. मला त्या खोलीचा, त्या खिळ्याचा, माझ्या स्वतःच्या हाकांचा तिटकारा आला होता. "अहो" म्हणायची लाज वाटायची. पाणी हवं असलं तरी अर्धा तास गप्प पडून राहायची.

दर पंधरवड्याला रिक्षाने हॉस्पिटल. प्लास्टर करवतीने कापायचं, पाऊल बघायचं, नवं घालायचं. करवत चालू झाली की बाकावरची सगळी माणसं एकमेकांकडे बघून हसायची. भीती वाटते हे कोणी बोलत नसे.

ह्यांनी सगळं केलं. भांडं दिलं, भांडं धुतलं, स्वयंपाक केला. एका दुपारी मात्र मी सारात मीठ जास्त झालं म्हटलं आणि ह्यांनी डाव भिंतीवर भिरकावला. "कारखान्यात बरा होतो! तिथे संध्याकाळी सुट्टी व्हायची!" मीही काही कमी बोलले नाही. मग हे पडवीत जाऊन बसले. तासाभराने चित्रान्नाची ताटली घेऊन आले आणि म्हणाले, "यात मीठच घातलं नाहीये. हवं तेवढं घे." दोघंही हसलो, पण हसताना मला कळलं की एकटी मीच काही कोंडले गेले नव्हते.

अत्ते रोज सकाळी माझी वेणी घालायच्या. त्यांना दिसायचं नाही म्हणून भांग वाकडा पडायचा. मी तो तसाच ठेवायची.

माझ्या पायाचा पाय

प्लास्टर निघालं तेव्हा हाडं जुळली होती, पण भलतीकडेच. तळव्याच्या मध्यभागी खोलगट भाग असतो तिथे आता फुगवटा आला होता. पाऊल नावेच्या तळासारखं झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं, "सगळा भार या फुगवट्यावर येणार. तिथे कातडी फाटली तर तुम्हाला कळणार नाही. बुटाशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. घरातसुद्धा."

बूट आणायचा कुठून? दुकानातला एकही चढेना. दोन चांभारांनी पाय बघून मान हलवली. "इदक्के अच्चिल्ल अम्मा," याला साचा नाही. हॉस्पिटलने दिलेला बूट घोट्याला घासू लागला. म्हणजे प्लास्टर सुटलं तरी मी खाटेवरच.

तेव्हा ह्यांच्या डोक्यात टूलरूम जागी झाली. बूट ज्या लाकडी पावलावर चढवून शिवतात त्याला फर्मा म्हणतात. माझ्या पावलाचा फर्मा हवा. हे हॉस्पिटलात गेले आणि माझं शेवटचं कापलेलं प्लास्टर टाकून देण्याआधी मागून पिशवीतून घरी घेऊन आले. दोन्ही तुकडे सुतळीने घट्ट बांधले, आतून तेल लावलं आणि वरून पातळ कालवलेलं प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी साल काढावं तसं बाहेरचं कवच काढलं. आत माझं पाऊल होतं, फुगवट्यासकट, पांढरंफेक. वाळायला म्हणून हे ते गच्चीवर ठेवून आले आणि शेजारच्या काकू किंचाळत खाली आल्या. कोणाचा पाय तोडून ठेवलाय म्हणून.

वरचा भाग मी शिवायचा ठरला. मी मनात म्हटलं, ब्लाउज बेतते तर बूट का नाही? फर्म्यावर कागद चिकटवला, पेन्सिलीने रेघा आखल्या, कागद सोडवून सपाट केला आणि कापडावर बेतला. तळाला डॉक्टरांनी सांगितलेलं मऊ एमसीआर रबर. पहिला जोड चुकला. प्लास्टरच्या आत कापसाची घडी असते हे आम्ही विसरलो होतो. बूट तेवढाच सैल झाला आणि माझं पाऊल आत फिरू लागलं. ह्यांनी फर्मा त्या घडीच्या जाडीइतका घासून बारीक केला. फुगवट्यावर मात्र प्लास्टरचा एक थर चढवला, म्हणजे तिथे बुटात पोकळी राहील. माप तपासायला मी बेतकामाचा कार्बन कागद कामाला आणला. बुटात कार्बन आणि पांढरा कागद घालून खोलीभर चालायचं आणि मग कागद बघायचा. जिथे जास्त काळं तिथे रबर अजून खरवडायचं. सात कागद झाले. आठव्यावर फुगवट्याची जागा करडी आली, बाकी पावलासारखीच.

तिसरा जोड अंगचा असल्यासारखा बसला. मी फाटकापर्यंत गेले. मग वळणापर्यंत. भाजीवाल्याने विचारलं, "एनु अम्मा, गावाला गेला होतात?" मी म्हटलं, "हो, लांब गेले होते."

सहा पावलं

आता माझी चूक.

माजघरातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की मी बूट काढायची. कोणी सांगितलं नव्हतं, तरी काढायची. स्वयंपाकघरात देव आहेत, अत्तेंची मडीची भांडी आहेत, तिथे पायात काही घालून जायचं हे मनाला शिवतही नव्हतं. तुमच्यातलं कोणी गेलं असतं का? उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत मोजून सहा पावलं. सहा पावलांनी काय होतंय, मी स्वतःला म्हणायची. बाहेर तर मी काटेकोर बूट घालते.

पण बाई दिवसातून स्वयंपाकघरात किती वेळा जाते याचा हिशेब ती कधी करत नाही. चहा, फोडणी, दूध उतू चाललं, कुकरची शिट्टी, अत्तेंना ताक, देवाचा दिवा. आणि पाच महिन्यांनी स्वयंपाकघर परत मिळालेली बाई तर काम नसतानाही जाते. नुसती ओट्याला टेकून उभी राहते. मी राहायची. तिथे मला कोंडल्यासारखं वाटत नसे.

डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "घरातही घालता ना?" मी म्हटलं, "हो." ते खोटं होतं असं मला वाटलंही नाही. स्वयंपाकघर माझ्या मनात घराच्या हिशेबात धरलंच नव्हतं.

काकवी

अत्ते रोज सकाळी न्हाऊन देवापुढे रांगोळी घालायच्या. डोळ्यांना दिसायचं नाही, हाताला सवय होती. त्या दिवशी जमिनीवर हात फिरवता फिरवता थांबल्या.

"सुमती, इथे काय सांडलंय गे? चिकट लागतंय."

"काकवी सांडली असेल अत्ते. काल दोसे केले ना."

"काकवी?" त्यांनी बोटं नाकाशी नेली. मग अगदी हळू म्हणाल्या, "काकवी नव्हे ही. पाय दाखव."

मी पाय उलटा केला. फुगवट्यावर रुपयाएवढं भोक पडलं होतं. आतलं मांस दिसत होतं. दुखत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, पण जमिनीवर काहीच दिसेना, कारण जमीनच लाल. किती दिवस मी त्या लाल जमिनीवर रक्ताची पावलं उमटवत होते, कोण जाणे. बुटात काही दिसलं नाही, कारण मी आत लाल फ्लॅनेलचं अस्तर लावलं होतं. हौसेने लावलं होतं. जे घरी बूट शिवतील त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, अस्तर पांढरंच लावा.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जखम स्वच्छ करून ते समोर येऊन बसले. "या वेळी प्लास्टरवर भागेल. पुन्हा उघडली तर पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल. मग कदाचित घोट्यापासून."

परत तीच खाट, तोच खिळा, तीच सावली. पहिल्या वेळी निदान नशिबाला बोल लावता येत होता. आता तुरुंगही माझा आणि किल्लीही माझीच. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ह्यांच्याशी बोलत नसे. वेणीसाठी अत्ते आल्या की डोळे मिटून घ्यायची, कारण मनात मी त्यांनाच दोष देत होते. त्यांच्या मडीपायी माझं पाऊल चाललं, असं मला वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

मुकटा

एका सकाळी वेणी घालता घालता अत्तेंनी मध्येच हात थांबवला.

"बूट घालून आत येऊ नको, असं मी कधी म्हटलं गे?"

"म्हटलं नाहीत."

"मग?"

"घालून ये, असंही म्हटलं नाहीत."

बराच वेळ माझे केस त्यांच्या मुठीत होते. मला वाटलं आता रागावतील.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "विचारायचं तरी होतंस. मला दिसत नाही गे. तू बूट काढतेस हे मला काय ठाऊक?"

खरंच. त्यांना दिसत नव्हतं. मी कोणाच्या धाकाने बूट काढत होते, मग? त्या दिवशी मी फार रडले. पहिल्यांदाच अत्तेंच्या मांडीवर डोकं ठेवून.

दुसऱ्या दिवशी त्या भिंत धरत खाटेशी आल्या आणि माझ्या अंगावर काहीतरी टाकलं. त्यांचा मुकटा. मडीत नेसायचं रेशमी वस्त्र, त्यांच्या लग्नातलं, घड्यांवर विरलेलं. "रेशमाला विटाळ नाही," त्या म्हणाल्या. "याचा बूट कर. घरातला वेगळा. रस्ता न पाहिलेला. चामडं नको, अष्टे, एवढंच."

"अत्ते, हा कापायचा?"

"नाहीतर काय, मला जाळताना नेसवणार आहात? सुम्मने, गुपचूप घे."

दहा आठवडे मी खाटेवर बसून तो बूट शिवला. जुनं रेशीम सुई टोचली की फाटायचं, म्हणून खाली मांजरपाटाचे दोन थर दिले. ह्यांनी फर्मा पुन्हा घासला, रबर खरवडलं. अत्ते शेजारी बसून प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवायच्या आणि टोचेल असा टाका सापडला की उसवायला लावायच्या. मी बत्तीस वर्षं मुलींचे टाके उसवले होते, त्याचं उट्टं निघालं. अस्तर पांढरं लावलं.

उंबरा

जखम भरली, प्लास्टर निघालं. मी खाटेवर बसून रेशमाचे बूट घातले, नाड्या बांधल्या आणि काठी घेऊन निघाले. माजघर ओलांडलं. उंबऱ्याशी आले. आत गॅसवर सारू ठेवलेलं, अत्ते पाटावर बसलेल्या, देवापुढे दिवा लावलेला.

पाय उचलेना.

"काय झालं?" मागून हे म्हणाले.

"होत नाही हो."

"डॉक्टर काय म्हणाले विसरलीस?"

विसरले नव्हते. अर्धं पाऊल जाईल हे पाठ होतं. रेशमाला विटाळ नाही हेही पाठ होतं. अत्तेंनी परवानगी दिली होती, बूट त्यांच्याच मुकट्याचा होता, आणि तरीही माझे हात आपोआप नाड्यांकडे जात होते. बावन्न वर्षांची सवय अशी अंगात मुरलेली असते. बूट काढून सहा पावलं टाकणं मला सोपं वाटत होतं. बूट घालून आत जाण्यापेक्षा पाऊल गमावणं सोपं वाटत होतं. मी वाकले आणि खरोखर एक गाठ सोडली.

"काढतेय ती," हे म्हणाले.

अत्ते पाटावरून उठल्या. भिंत धरत माझ्या अंगाला घासून बाहेर गेल्या, मागच्या न्हाणीघराकडे. मला वाटलं, चिडून गेल्या. मग फटक फटक असा आवाज आला. ह्यांच्या न्हाणीतल्या निळ्या रबरी चपला घालून त्या परत येत होत्या. ओल्या, त्यांच्या पायांना दोन बोटं मोठ्या. साठ वर्षं ज्या जमिनीवर त्यांनी ओल्या पायांनीसुद्धा कोणाला येऊ दिलं नव्हतं, तिच्यावरून त्या फटक फटक करत थेट देवापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दिसत नव्हतं तरी बरोबर माझ्याकडे.

"पाप लागायचंच असलं तर आधी मला लागू दे," त्या म्हणाल्या. "मी थोरली. गाठ बांध आणि ये. सारू उतू चाललंय."

मी गाठ बांधली. उजवं पाऊल उचललं आणि आत ठेवलं.

पाऊल आजही आहे. ओबडधोबड आहे, पण अख्खं आहे. बुटाचे वरचे भाग बदलले, फर्मा तोच आहे. अत्ते त्यानंतर तीन वर्षं जगल्या. त्या तीन वर्षांत एकदाही त्या चपलांशिवाय स्वयंपाकघरात आल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या पायांना तर काहीही झालेलं नव्हतं.